भाजल्या मातीतला राजा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याचा भाजलेल्या मातीचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. १४८५मध्ये बॉसवर्थची लढाई जिंकून ट्यूडर घराण्याची सत्ता आणणारा हा राजा १५०९ साली वारला. पुतळाही त्याच सुमाराचा. तो घडवला फ्लॉरेन्सच्या पिएत्रो तोरिजानोनं. तरुणपणी मायकेलअँजेलोचं नाक फोडणारा शिल्पकार तो हाच! वेस्टमिन्स्टर ॲबीतली हेन्रीची समाधीही त्याचीच.

दगडावर छिन्नी चुकली की चूक कायमची. ओल्या मातीत मात्र गालांचे खळगे, ओठांची मुरड बोटांनी पुन्हा घडवता येते. भरीव, जाड माती भट्टीत तडकते. म्हणून असे पुतळे आतून पोकरतात, सावकाश वाळवतात आणि मगच भाजतात. रंग चढतो तो त्यानंतर.

काळी टोपी, बसलेले गाल, करडी नजर... हा चेहरा राजाच्या मृत्यूनंतर घेतलेल्या साच्यावर बेतला असावा, असं अभ्यासकांना वाटतं. लंडनला गेलात, तर आवर्जून पाहा. या संग्रहालयाचा कायमस्वरूपी संग्रह पाहायला तिकीट लागत नाही.