नकार लिहून द्या

(व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय, 'राज्याची आरोग्य योजना : कारभार आणि अडचणी'. कारभाराबद्दल बोलेनच. पण मी एक मागणी घेऊन आले आहे आणि ती आधीच सांगून टाकते. योजनेतून उपचार मिळणार नाहीत असं कुणाला सांगितलं, तर ते लिहून दिलं पाहिजे. कारण, तारीख, सही, शिक्का. माझी सारी नोकरी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून झाली आणि त्यात मला याहून महत्त्वाचं काही सापडलेलं नाही.

इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. १९९७ ची जीवनदायी, २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी, पुढच्या वर्षी ती राज्यभर, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडणी, आणि जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला दीड लाखाऐवजी पाच लाखांचं संरक्षण. तेव्हाची उपचारांची यादी १३५६ ची. हे सगळं पेपरात आलेलं आहे, त्यात वेळ घालवत नाही.

चालवतं कोण? वरळीच्या जीवनदायी भवनातून राज्य आरोग्य हमी सोसायटी. सोसायटी स्वतः ऑपरेशन करत नाही. ती रुग्णालयांशी करार करते, प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरवते, पैशांची व्यवस्था लावते. रुग्णालयात तिचा माणूस म्हणजे दाराशी टेबल टाकून बसलेला आरोग्यमित्र. तो रेशनकार्ड आणि ओळखपत्र पाहतो, नोंदणी करतो. डॉक्टर तपासतात, रिपोर्ट अपलोड होतात, पूर्वपरवानगी मागितली जाते, जिला सगळे प्रीऑथ म्हणतात. मंजुरी आली की उपचार, डिस्चार्ज, मग रुग्णालयाचा क्लेम. पॅकेजमध्ये औषधं, रक्त, इम्प्लांट, रुग्णाचं जेवण, इतकंच काय, घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा धरलेलं आहे. ज्यांनी हे भाड्याचं कलम घातलं त्यांनी वॉर्डाबाहेर बसलेली माणसं डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

प्रीऑथ नामंजूर झाला तर कारण संगणकात राहतं, त्यावर दाद मागता येते. पण नोंदणीच्या आधीच टेबलावरून परत गेलेला माणूस कुठे असतो? कुठेच नसतो. एका बाईंची गोष्ट सांगते, थोडक्यात.

बाई ऊसतोडीवरून आलेल्या. नवऱ्याच्या छातीत कळ आली, तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून शहरात पाठवलं. रुग्णालय अंगीकृत, बाहेर योजनेचा फलक. शनिवारची दुपार. बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून केशरी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. ते पाहून सांगण्यात आलं, "हे ऑनलाइन दिसत नाही. बारा अंकी करून आणा." कार्डावर नवऱ्याचं नाव एक, आधारवर दुसरं. (हशा) हसलात, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या कार्डांची हीच गत आहे. पण बारा अंकी नंबर मिळतो तालुक्याच्या पुरवठा शाखेत, आणि शनिवार-रविवार ती बंद.

बाईंना वाटलं, तलाठ्याचा दाखला चालेल. जावयाला मोटारसायकलवर गावी पिटाळलं. तलाठी एका लग्नात. जावई लग्नात पोहोचला, तलाठीही माणुसकीचा, जेवण अर्धवट टाकून उठला, दाखला लिहून दिला. तो इकडे चालला नाही. तोवर रात्र झाली. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत थांबणं धोक्याचं, आज डिपॉझिट भरा. बाईंच्या गळ्यात डोरलं होतं, जावेकडे दोन पाटल्या. एका सोनाराने रात्री दुकान उघडून ते गहाण ठेवून घेतलं. पहाटे स्टेंट बसला. माणूस वाचला, हे आधी सांगते. सोमवारी पुरवठा शाखेतल्या कारकुनाने अर्ध्या तासात काम करून दिलं. बारा अंक आले. पण तोवर पैसे भरून झाले होते, आणि भरलेले पैसे परत द्यायला कुणी तयार नव्हतं.

तातडीच्या रुग्णासाठी योजनेत फोनवरून मंजुरी घ्यायची सोय पहिल्यापासून आहे. ती बाईंना कुणी सांगितली नाही. मी त्यांना घेऊन तक्रार करायला गेले. अधिकारी सज्जन, त्यांनी चहा मागवला, संगणकावर शोधलं आणि विचारलं, "मॅडम, यांची नोंद कुठाय?" नोंद नव्हतीच. योजनेच्या लेखी त्या बाई शनिवारी रुग्णालयात आल्याच नव्हत्या.

म्हणून मी म्हणते, वर्षाअखेर सोसायटी जे आकडे देते ते खरे असतात, पण ते आत गेलेल्यांचे असतात. दारातून फिरलेल्यांची मोजदाद नाही, म्हणून सोसायटीलाही कळत नाही की कुठल्या जिल्ह्यात नाव जुळत नाही म्हणून लोक परत जातात, कुठे 'खाटा भरल्या' म्हणून आणि कुठे 'हा आजार यादीत नाही' म्हणून. यातलं प्रत्येक दुखणं वेगळं. पहिल्याचा इलाज पुरवठा खात्याकडे, दुसऱ्याचा तपासणीकडे, तिसऱ्याचा यादी ठरवणाऱ्या डॉक्टरांकडे. तोंडी नकारात तिन्ही एकच होऊन जातात.

आणि मी काही नवं मागत नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात अर्ज फेटाळताना कारण आणि अपिलाची मुदत कळवावी लागते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यातही अर्ज फेटाळायचा तर कारण लेखी नोंदवावं लागतं. जन्माच्या दाखल्याला आपण हे लावलं. हृदयाच्या ऑपरेशनला का नाही? (टाळ्या)

समोर डॉक्टर मंडळी बसली आहेत, काहींचे चेहरे उतरलेले दिसताहेत. मी रुग्णालयांना खलनायक ठरवायला आलेली नाही. पॅकेजचे दर अनेक वर्षं जुनेच राहिले, क्लेम अडकतात, लहान रुग्णालयाला नर्सेसचे पगार थांबवता येत नाहीत. हे मी सोसायटीच्या बैठकीतही बोलले आहे. पण डॉक्टर, तुमचे पैसे अडकले तर तुमच्याकडे क्लेमचा नंबर असतो. त्या बाईंकडे काय होतं? आणि आरोग्यमित्रावरही माझा राग नाही. ती तुटपुंज्या मानधनावरची मुलं आहेत, रुग्णालय एका बाजूने ओढतं, सर्व्हर दुसऱ्या बाजूने. कारण लिहायची सक्ती झाली तर तीही सुटतील. खाटा रुग्णालयाने नाकारल्या असतील तर तसं लिहितील.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं. धर्मादाय रुग्णालयांच्या राखीव खाटांबद्दल आणि विम्याकडून हमीकडे गेल्याने काय बदललं याबद्दल बोलायचं होतं, ते राहू द्या. नकाराच्या चिठ्ठीचा नमुना तेवढा सांगते. पोस्टकार्डाएवढा कागद. रुग्णाचं नाव, आल्याची तारीख आणि वेळ, डॉक्टरांनी सांगितलेला आजार. मग कारणांच्या चौकटी: कागद अपुरे, आजार यादीत नाही, खाट नाही, तज्ज्ञ नाही, इतर. जो कागद कमी असेल त्याचं नाव, तो कुठे मिळेल ते ठिकाण. तातडीची मंजुरी मागितली का, हो किंवा नाही. खाली सही. एक प्रत रुग्णाला, एक संगणकात.

ही चिठ्ठी खरं म्हणजे त्या एका 'हो किंवा नाही'साठी आहे. त्या शनिवारी टेबलावरच्या मुलाला 'नाही'वर खूण करून खाली सही करावी लागली असती, तर त्याने आधी फोन उचलला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सरकारचा आदेश निघेपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. नमुने मागच्या टेबलावर ठेवलेत. घरातल्या कुणाला परत पाठवलं तर कोऱ्या जागा भरून समोर धरा आणि सही मागा. सही दिली नाही तर तिथूनच १५५३८८ ला फोन लावा आणि तक्रारीचा क्रमांक त्याच कागदावर लिहा. आता प्रश्न घेते. तिसऱ्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्या आहेत, आधी त्यांना माइक द्या.