जुने दप्तर उघडले पाहिजे
(मंडळाच्या बीड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वंशावळीवर दोन शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. वंशावळ म्हटले की आपणां सुतारांच्या मनात पूर्वजांची कर्तबगारी उभी राहते. कोणी देवळाचा सभामंडप घडविला, कोणी रथ बांधला, अशा कहाण्या घरोघर आहेत व त्या आम्हांलाही प्रिय आहेत. परंतु आजचे आमचे मागणे त्याहून साधे आहे. आपल्या पणजोबांचे नाव ज्या कागदावर लिहिलेले आहे, तो कागद आपणांस पाहता यावा, त्याची नक्कल मिळावी आणि त्यात काय लिहिले आहे ते कळावे.

हे मागणे हौसेचे राहिलेले नाही. इतर मागासवर्गाच्या दाखल्याच्या पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या नोंदीला महत्त्व आहे, आणि २००० सालच्या कायद्याने जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर ठेवला आहे. म्हणजे पुरावा द्यावयाचा आपण, आणि तो राहणार सरकारी दप्तरखान्यात कुलूपबंद! मुलीला शिक्षणक्रमात जागा मिळते, पडताळणीची मुदत जवळ येते, आणि बाप कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत फिरतो. नोंद असते, ती कोणत्या रुमालात आहे हे सांगणारे कोणी नसते.

आपल्या जिल्ह्यात ही अडचण दुप्पट आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राज्ये बदलली तसतसे कागदही विखुरले. गावचे कागद तहसिलीत, जिल्ह्याचे बीडला, आणि वरिष्ठ कचेऱ्यांचे पुष्कळसे दप्तर हैदराबादेस तारनाका येथील अभिलेखागारात राहिले. १९४९ साली जहागिरी खालसा होईपर्यंत जहागिरीच्या गावांचा कारभार वेगळ्याच कचेरीतून चाले. दरबारची भाषा आधी फारसी, १८८४ च्या सुमारास उर्दू झाली, गावपातळीवर मोडी. सालही फसली, त्यात ५९० मिळवावे तेव्हा इसवी सन हाती येतो. बीडचे नाव ‘भीर’ म्हणून शोधावे लागते, आणि अंबाजोगाईचा कागद हवा असेल तर ‘मोमीनाबाद’ पाहावे लागते. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे कागद उघडा ठेवला तरी तो बंदच.

आणखी एक गोष्ट आपल्या धंद्याची. उर्दूत सुताराला नज्जार म्हणतात, लोहाराला आहंगर, शिंप्याला दर्जी. आपले लोक कोठे सुतार, कोठे बढई, तर कोठे पांचाळ म्हणवितात. ‘सुतार’ एवढाच शब्द शोधणाऱ्याच्या नजरेतून आपलाच पूर्वज निसटू शकतो. शिवाय महसुली दप्तर प्रथम जमीनवाल्याचे. १९५४-५५ चे खासरा पत्रक फार मोलाचे खरे, परंतु ज्याच्या नावे जमीन नाही त्याला त्याचा काय उपयोग? आपल्या आजोबांना खळ्यावर बलुते मिळे. त्याची पावती कोण देणार? तेव्हा आपली नावे शोधावयाची ती इनामाच्या कागदांत, शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात आणि गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत. स्त्रियांची नावे तर त्याहून दुर्मिळ. आजीचे माहेर कोणते, हे बहुधा कागद सांगत नाही, घरातील वृद्धच सांगतात. आणि ते थोडेच उरले आहेत.

आता २०२३ सालाकडे वळू. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातील जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी व उर्दू जाणणारे मिळविले गेले आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. त्या मागणीविषयी आपल्यात मतभेद आहेत, काहींचा विरोध तीव्र आहे. तो वाद या भाषणाचा विषय नव्हे. आम्हांस त्यातून एवढेच दिसले की मनात आणले तर दप्तर उघडते. परंतु तो शोध एका शब्दाचा होता. ज्या पानावर कुणबी सापडला, त्याच पानावर खालच्या ओळीत सुतार, कुंभार, परीट असेल, तर त्याची सूची कोणी केली? एकदा हाताळलेले जीर्ण पान पुन्हा दुसऱ्या जातीसाठी हाताळावयाचे, मग तिसऱ्या जातीसाठी, हा कोठला हिशेब? २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर हैदराबाद गॅझेटियरचे नाव सर्वांच्या तोंडी झाले. पण गॅझेटियरात जातींचे आकडे असतात, माणसांची नावे नसतात. नावे गावच्या रुमालातच आहेत.

हे भांडण नवे नाही. पुण्याचे पेशवे दप्तर इंग्रज सरकारने इनामांच्या चौकशीसाठी जपले, पण आपल्या अभ्यासकांना ते फार काळ मोकळे नव्हते. राजवाड्यांनी घरोघर हिंडून खासगी कागद जमविले. पुढे सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. तेही अभ्यासकांसाठी. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यातही ३० वर्षांहून जुने कागद दाखवावयाचे ते ‘प्रामाणिक संशोधकाला’. सुताराचा नातू आपल्या आजोबांचे नाव शोधतो तेव्हा तो संशोधक होय की नव्हे? आमच्या मते होय.

गुप्ततेचा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. जिवंत माणसाची माहिती बाजारात मांडू नये. परंतु माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातच, कलम ८ (३) मध्ये, २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती काही थोडे अपवाद सोडून द्यावी असे म्हटले आहे. इंग्लंडने १९२१ च्या खानेसुमारीची घरवार पत्रके १०० वर्षांनी, २०२२ साली खुली केली. अमेरिकेने १९५० ची ७२ वर्षांनी, त्याच साली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने ती कधीच पाहता येत नाहीत. निदान गावच्या नोंदवहीला तरी तो न्याय लावू नये.

दप्तर उघडल्यावर आपल्या आवडत्या कहाण्याही काही वेळा खोट्या ठरतील, रथ बांधणारा पूर्वज दुसऱ्याच घराण्याचा निघेल. निघो!

तेव्हा मंडळापुढे ठराव मांडतो तो असा: जिल्ह्यातील प्रत्येक गावाच्या जुन्या कागदांची यादी सरकारने छापावी, प्रत्येक पानाची सूची सर्व जातींची व सर्व नावांची करावी, मूळ मजकुराबरोबर देवनागरी वाचन द्यावे आणि नक्कल ठरलेल्या अल्प शुल्कात मिळावी. अन्य ज्ञातींच्या मंडळांनाही या ठरावावर सही करण्याची विनंती करावी, कारण रुमाल सर्वांचा एकच आहे. मंडळाने स्वतःकडून मोडीचा वर्ग सुरू करावा, आणि उर्दूसाठी आपल्या गावांतील जाणत्या मुसलमान वृद्धांचे साहाय्य मागावे. आम्ही ज्यांना विचारले, त्यांनी आनंदाने होकार दिला.

ज्यांच्या घरी ट्रंकेत जुन्या सनदा, पावत्या, शाळेचे दाखले असतील, त्यांनी ते दुपारच्या बैठकीस आणावेत. स्वयंसेवक तेथेच छायाचित्र घेतील आणि मूळ कागद ज्याचा त्याला लगेच परत मिळेल.