यादीतले चौथे नाव
(उरण येथे रविवारच्या उपासनेनंतर एका आजीने मांडलेले मनोगत)



मला तीन नातवंडे. रोज पहाटे त्यांची नावे घेऊन मी प्रार्थना करते. थोरल्याला नोकरी लागू दे, मधल्याला वाईट संगतीपासून राख, धाकटीला परीक्षेत यश दे. तुम्हीही असेच मागत असाल. त्यात गैर काही नाही.

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि आमच्या घरात पगार आला. डोंगराकडच्या कातकरी वाड्यांकडे मात्र मी कधी नीट पाहिले नव्हते. राज्यातल्या ज्या तीन जमाती सरकारने आदिम म्हणून नोंदल्या, त्यांतली ही एक.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही काही बहिणी एका वाडीवर गेलो. बरीच दारे बंद होती. माणसे उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेली, ती परतणार पावसाच्या तोंडावर. मुलेही बरोबर जातात आणि शाळा अर्ध्यावर सुटते. एकाच घरातून धूर येत होता. आत आजी आणि तिची नात. मुलगा-सून भट्टीवर होते, पण आजीने नातीला ठेवून घेतले होते. म्हणाली, "माझी सगळी पोरं भट्टीवरच वाढली. हिची तरी शाळा होऊ दे." लाकूडफाटा विकून ती दोघींचे पोट भरत होती.

मी विचारले, "तुमच्यासाठी देवाकडे काय मागू?"

"पाऊस लागेपर्यंत माझे हातपाय चालू देत."

दुसऱ्या पहाटे माझी प्रार्थना अडली. तीमथ्याची आजी लोईस आठवली. तिने घरदार किती मागे ठेवले, हे पौल लिहीत नाही. तिचा विश्वास नातवापर्यंत पोहोचला, एवढेच लिहितो. माझ्या नातवंडांपर्यंत काय पोहोचणार होते?

त्या दिवसापासून माझ्या यादीत चौथे नाव आहे. पण उपाशी माणसाला कोरडा आशीर्वाद देण्यात अर्थ नाही, हे याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. म्हणून दर महिन्याला मी तांदूळ घेऊन वाडीवर जाते. पिशवी माझी धाकटी नात उचलते. आता पहाटे चौथे नाव तीच घेते.

आजी-आजोबांनो, दिवाळी पुन्हा जवळ आली आहे. वाडीवरच्या एका लेकराचे नाव आपल्या यादीत घ्या आणि पावसापर्यंत त्याच्या आजीची चूल सांभाळा.

प्रभू आपल्या सर्व नातवंडांना राखो. आमेन.