यंत्रामागचा जाणकार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



कापडाचा व्यापार करणारा, वाणिज्य शाखेचा एक पदवीधर रुग्णालयातील यंत्रांच्या संगणकाविषयी काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या मुद्रेवर मला दिसतो आहे. तो रास्तच आहे. परंतु गेली काही वर्षे यंत्रखरेदीच्या समितीत मी काम पाहतो, आणि ज्या मालाचे पैसे मोजायचे तो माल पारखून घ्यायचा, ही आमच्या पेढीची जुनी शिस्त. त्या शिस्तीपोटी साठी उलटल्यावर मी तरुण तंत्रज्ञांच्या शेजारी बसून हा विषय शिकू लागलो. जे उमगले ते यथामती आपल्यापुढे ठेवतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे : आपण यंत्रासाठी मोठ्या मनाने देणगी देतो, पण ते यंत्र समजणारा माणूस घडविण्यासाठी देत नाही. आणि आजच्या यंत्राचा जीव त्याच्या लोखंडात जितका आहे, तितकाच त्याच्या आत बसलेल्या संगणकात आहे.

एका धर्मादाय रुग्णालयातील प्रसंग मी जवळून पाहिला. तेथे देणगीतून आलेले क्ष-किरण यंत्र होते. किरणे निर्माण करणारी नळी उत्तम, टेबल उत्तम, भिंतीवर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटीही उत्तम. बिघडली ती फक्त यंत्राशेजारच्या संगणकाची हार्ड डिस्क. नवी डिस्क बाजारात सहज मिळत होती. परंतु यंत्राची आज्ञावली ज्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होती, तिची प्रत रुग्णालयाकडे नव्हती, आणि नव्या संगणकावर ती जुनी प्रणाली चालत नव्हती. प्रतिमासंच जपून ठेवण्याची खबरदारी कोणी घेतली नव्हती, कारण ती घ्यायची असते हेच कोणास ठाऊक नव्हते. यंत्रावर कित्येक महिने चादर राहिली आणि गोरगरीब रुग्ण पदरचे पैसे मोजून बाहेर जात राहिले. दात्याची भावना खोटी नव्हती, डॉक्टरांची निष्ठा कमी नव्हती. उणीव होती ती एका जाणकाराची.

आता ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. पेढीवर मालक, कारकून, गिऱ्हाईक, गोदाम अशी अनेक कामे एकाच वेळी चालतात. कोणास केव्हा काय द्यायचे, हे मुनीमजी ठरवितात. संगणकातील स्मृती, डिस्क, पडदा, कळफलक आणि निरनिराळ्या आज्ञावल्या यांचा असा मेळ घालणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. सी. टी. स्कॅनच्या नियंत्रणकक्षात किंवा प्रतिमा साठविणाऱ्या सर्व्हरवर बहुधा विंडोज किंवा लिनक्स असते. मात्र ठरलेल्या क्षणी ठरलेली क्रिया झालीच पाहिजे अशा उपकरणांत वेगळ्या जातीची प्रणाली लागते. तिला रिअल-टाइम प्रणाली म्हणतात. क्यूएनएक्स, व्हीएक्सवर्क्स ही त्यांतील परिचित नावे. कार्यालयातील संगणक क्षणभर थबकला तर आपण चहा घेतो. श्वास देणाऱ्या यंत्राला थबकण्याची मुभा नाही. हा भेद विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी समजून घ्यावा.

दुसरी गोष्ट आयुष्याची. स्कॅनरसारखे मोठे यंत्र दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे चालते. त्यातील प्रणालीची निर्मात्याकडून होणारी देखभाल मात्र त्याआधीच थांबू शकते. विंडोज एक्सपी २००१ साली बाजारात आली. तिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी, आणि सर्वसाधारण विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. परंतु उपकरणांसाठीच्या विंडोज १० च्या एका खास दीर्घकालीन आवृत्तीला जानेवारी २०३२ पर्यंत आधार आहे. म्हणजे विक्रेता नुसते ‘विंडोज १०’ म्हणाला तर भागत नाही. कोणती आवृत्ती, हे विचारावे लागते. नुसते ‘सुती’ म्हटल्यावर आपण कापड घेतो काय? सूत कोणते, वीण कोणती, रंग पक्का की कच्चा, हे विचारतोच.

मग कोणी म्हणेल, प्रणाली जुनी झाली तर नवी बसवावी. घरच्या संगणकावर ते चालेल. वैद्यकीय यंत्रावर चालत नाही. यंत्र, त्याची आज्ञावली आणि प्रणाली यांचा एकत्रित मेळ निर्मात्याने तपासून प्रमाणित केलेला असतो. आपण परस्पर बदल केला आणि मोजमापात फरक पडला, तर त्याचा भोग रुग्णाच्या वाट्याला येतो. म्हणून दुरुस्तीचा संच निर्मात्याच्या लेखी संमतीनेच बसवायचा. आणि ती संमती येईपर्यंत त्या जुन्या यंत्राचे रक्षण कसे करायचे? येथे नेटवर्कचे ज्ञान लागते. प्रणाली बदलता येत नाही, तेव्हा तिच्याभोवतीचे कुंपण नीट बांधावे लागते. म्हणून हे दोन विषय एकत्रच शिकले पाहिजेत.

नेटवर्क म्हणजे यंत्रांचा परस्परांशी पत्रव्यवहार. प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, त्यास आयपी पत्ता म्हणतात. सामान्य पद्धतीत तो चार अंकांचा असतो आणि त्यातील प्रत्येक अंक शून्य ते २५५ यांमध्ये असतो. बाजारपेठेत दोन गाळ्यांना एकच क्रमांक दिला तर टपाल कोणाकडे जाईल? दोन यंत्रांना एकच पत्ता दिला गेला की तसाच घोळ होतो. ‘सोनोग्राफीच्या प्रतिमा जात नाहीत, यंत्र बिघडले’ अशी तक्रार येते. वास्तविक यंत्र ठणठणीत असते, पत्ता चुकलेला असतो. ज्याला हे कळते तो ते काम अर्ध्या तासात करतो. ज्याला कळत नाही तो परगावच्या अभियंत्याची वाट पाहतो, आणि त्याच्या भाड्याचे बिल आपल्या खात्यावर पडते.

प्रतिमांच्या देवाणघेवाणीची एक जागतिक भाषा आहे, तिचे नाव डायकॉम. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संस्था आणि विद्युत-उपकरण उत्पादकांची संस्था यांनी मिळून तिचा पहिला मसुदा १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. १९९३ पासून ती डायकॉम या नावाने रूढ झाली. तिच्यामुळे एका कंपनीच्या यंत्राची प्रतिमा दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर उघडते. यंत्र जोडताना मुख्यतः तीन गोष्टी जुळवाव्या लागतात : आयपी पत्ता, पोर्टचा क्रमांक आणि त्या यंत्राचे डायकॉममधील नाव. तपासणी अहवाल व नोंदणीच्या माहितीसाठी एचएल-सेव्हन ही १९८७ पासूनची दुसरी भाषा आहे.

व्यापाऱ्याला हिशेबाशिवाय चैन पडत नाही, म्हणून एक हिशेब मांडतो. सी. टी. स्कॅनची एक प्रतिमा सामान्यतः आडवी ५१२ आणि उभी ५१२ बिंदूंची असते, आणि प्रत्येक बिंदूस दोन बाइट लागतात. म्हणजे एक प्रतिमा सुमारे अर्धा मेगाबाइट. एका तपासणीत पाचशे प्रतिमा निघाल्या तर अडीचशे मेगाबाइट झाले. सेकंदाला शंभर मेगाबिट वाहून नेणाऱ्या तारेवर त्यांना कमीत कमी वीस सेकंद लागतील, गीगाबिटच्या तारेवर दोन. अपघातातील रुग्ण टेबलावर असताना हा फरक डॉक्टरांना विचारून पाहा. लक्षावधींचे यंत्र घेऊन स्वस्तातली तार आणि जुनाट स्विच जोडणे, म्हणजे भरजरी शालूला कच्चा दोरा वापरण्यासारखे आहे.

आता कुंपणाविषयी. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर थैमान घातले. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत रुग्णालये चालविणाऱ्या सरकारी संस्थांनाही ट्रस्टच म्हणतात. अशा २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टच्या कामात व्यत्यय आला. रुग्णांच्या अंदाजे १९ हजार भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा तेथील आरोग्य यंत्रणेचा अंदाज होता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ज्या छिद्रातून शत्रू शिरला ते बुजविणारा दुरुस्तीसंच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, दिला होता. औषध कपाटात होते, ते कोणी दिले नाही.

आपल्याकडील उदाहरण दिल्लीच्या एम्सचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील सर्व्हरवर हल्ला झाला आणि नोंदणी, अहवाल, देयके ही कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. नेटवर्कची योग्य विभागणी नसल्यामुळे हे घडले, असे सरकारने संसदेत सांगितले. विभागणी म्हणजे काय? कापडाच्या गोदामात आपण मधे भिंती घालतो, एका खोलीत आग लागली तर सारा माल जळू नये म्हणून. नेटवर्कमध्येही देयकांचे संगणक, वैद्यकीय यंत्रे आणि रुग्णांच्या नातेवाइकांचे वाय-फाय यांच्यामध्ये अशाच भिंती घालता येतात. त्यास व्हीलॅन म्हणतात, आणि भिंतीतील दारावर कोणास आत सोडायचे हे पाहणारा पहारेकरी म्हणजे फायरवॉल. अनेकदा यासाठी नवे यंत्रही घ्यावे लागत नाही. असलेल्या स्विचमध्ये ही सोय असते, ती वापरणारा हवा असतो.

तेव्हा हे शिकायचे कसे? मी ज्या क्रमाने शिकलो आणि तरुणांना शिकताना पाहिले, तो क्रम सांगतो. प्रथम एक स्विच, दोन जुने संगणक आणि हाताने जोडलेली तार घेऊन पत्ते द्यावेत, एकाने दुसऱ्यास हाक मारून पाहावी. त्यानंतर जुन्या संगणकावर लिनक्स बसवावे. वापरकर्ते, परवानग्या, नोंदवह्या आणि विशेषतः बॅकअप शिकावा. नुसता घ्यायला नव्हे, तर त्यातून संगणक पुन्हा उभा करायला. नेटवर्कमधून नेमके काय वाहते आहे ते दाखविणारी वायरशार्क ही आज्ञावली विनामूल्य मिळते. बेल्जियममधील लिएज येथील विद्यापीठ रुग्णालयात तयार झालेला ऑर्थँक हा डायकॉम सर्व्हरही विनामूल्य आहे. सरावाच्या प्रतिमा घेऊन घरच्या घरी लहानसा प्रतिमाविभाग उभा करता येतो. केंद्र सरकारच्या स्वयम् या माध्यमावर नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टिम या दोहोंचे अभ्यासक्रम आहेत. ज्यांना रीतसर शिक्षण हवे त्यांच्यासाठी बायोमेडिकल अभियांत्रिकीची पदवी आणि मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची पदविका आपल्या राज्यात उपलब्ध आहे.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. रुग्णाला जोडलेल्या यंत्रावर सराव कधीही करू नये. आणि रुग्णाचे नाव, प्रतिमा, अहवाल ही ठेव समजावी. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तर ती जबाबदारी कागदावरही आणली आहे. यंत्राच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी चिकटविणे म्हणजे तिजोरीला किल्ली लटकावून ठेवणे होय.

इंग्रजीची भीती अनेक पालकांनी माझ्याजवळ बोलून दाखविली. या विद्येत लागणारे शब्द काही शेकड्यांच्या घरातले आहेत. मराठी माध्यमातील मुले ते वर्षभरात आत्मसात करताना मी पाहिली आहेत. वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनीही कचरू नये. नोंद नीट ठेवणे, ताळा जमविणे, चूक कोठे शिरली ते उलट्या क्रमाने शोधणे, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकविले जाते, आणि या कामाला तोच स्वभाव लागतो.

शेवटी विश्वस्त मंडळापुढे तीन विनंत्या नम्रपणे मांडतो.

पहिली : यापुढे यंत्र घेताना करारात पाच प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. प्रणाली कोणती व तिचा आधार कोणत्या तारखेस संपतो? दुरुस्तीसंच कोण बसविणार? पूर्ण प्रतिमासंचाची प्रत व परवाने आपल्याकडे राहतील काय? कंपनी दुरून यंत्रात शिरणार असेल तर कोणाच्या अनुमतीने? देखभालीच्या करारात संगणक धरला आहे काय?

दुसरी : आपल्या सर्व यंत्रांची एक वही असावी. तीत प्रत्येक यंत्राची प्रणाली, पत्ता आणि बॅकअपची तारीख असावी, आणि ती दर तिमाहीस समितीपुढे यावी. हिशेबाची वही आपण पन्नास वर्षे चोख ठेवली. ही वही त्याहून अवघड नाही.

तिसरी : यंत्रासाठी येणाऱ्या प्रत्येक देणगीतून शेकडा पाच रक्कम बाजूला काढून दरवर्षी दोन तरुणांना, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, या विद्येचे शिक्षण द्यावे. आरंभी आपल्याच निदान विभागात त्यांना उमेदवारी द्यावी. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे, आणि पहिल्या दोन विद्यार्थ्यांचा पहिल्या वर्षाचा खर्च आमची पेढी उचलील. त्यांच्या नावाची पाटी भिंतीवर लागणार नाही. परंतु रात्री दोन वाजता स्कॅन अडला, तर डॉक्टरांनी कोणास फोन करायचा, हे मात्र ठरलेले असेल.