जाळीत सापडलेली लाट

तारेतील वीज झपाट्याने मागेपुढे झुलू लागली की रेडिओच्या लाटा सुटतात. त्या सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावतात. झुलणे सेकंदाला 15 कोटी वेळा असेल, तर लाट 2 मीटर लांब. तिच्या निम्मी, 1 मीटरची दांडी तिला उत्तम टिपते.

नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीला 45 मीटर व्यासाची 30 तबके आहेत, तीही तारेच्या जाळीची! चाळणीच्या छिद्राहून मोठा दाणा वरच राहतो, हे मानवतच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. लाटही तशीच अडते. वारा मात्र आरपार जातो. म्हणून सांगाडा हलका झाला, खर्च वाचला. गोविंद स्वरूप यांची ही काटकसर आम्हा कामगारांना पटते. अशी जाळी आमचेच हात ताणतात. तिच्यामागचे तत्त्वही आम्हाला कळलेच पाहिजे.