एवढंच?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला बोलायला सांगताना संयोजकांनी एकच अट घातली होती, कॉम्प्युटरवर बोलू नकोस. म्हणून आज एका खऱ्या गोष्टीबद्दल बोलते, आणि तिचा शेवट न आवडलेल्या वाचकांबद्दल.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण उल्हासनगरच्या कॅम्प नंबर ४ मधून यायची. तिच्या डब्यातली कोकी आपण सगळ्यांनीच खाल्ली आहे. तिच्या दादीची हकीकत मी तिच्या परवानगीने लिहून काढली आणि आमच्या सोसायटीतल्या वाचनगटात वाचायला दिली. थोडक्यात सांगते.

दादींचं सिंधमध्ये, शिकारपूरला, अंगण असलेलं घर होतं. फाळणीनंतर काही महिने ते लोक तिथेच थांबले होते. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि हिंदू कुटुंबं भराभर निघू लागली. दादीही सासू आणि दोन मुलांना घेऊन यजमानांबरोबर निघाल्या. आगगाडीने कराची, बोटीने मुंबई आणि तिथून कल्याणजवळची लष्करी छावणी. महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या त्या बराकी. एका बराकीत अनेक बिऱ्हाडं, मध्ये आडोशाला गोणपाट. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. पण लोकांच्या तोंडी कॅम्पच राहिले. आजही रिक्षावाला आधी ‘कितवा कॅम्प?’ असंच विचारतो.

मागे राहिलेल्या घरासाठी यजमानांनी क्लेम भरला. १९५४ च्या कायद्यानुसार भरपाई मंजूर झाली, ती राहत्या बराकीच्या किमतीत वळती करण्यात आली आणि दोन खोल्या नावावर झाल्या. दादी पापड लाटत राहिल्या, मुलं शिकली, पुढे वर मजला चढला. दादी त्याच जागी वारल्या. शिकारपूर त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. हकीकत इथे संपते.

वाचून झाल्यावर वाचनगटात पहिला शब्द आला, “एवढंच?” एका काकांना वाटत होतं की नातू तरी शिकारपूरला जाऊन ते घर पाहील. एका ताईंना तिथल्या जुन्या शेजारणीचं पत्र यायला हवं होतं. तिसरे म्हणाले, “सिंधी कुटुंब आहे, म्हणजे शेवटी मोठा कारखाना निघायला हवा होता.” लोक चांगले होते, मनापासून वाचलं होतं. एकांनी तर सुचवलं, “एक पत्र घाल ना तू, कोणाला कळणार आहे?”

मी ते घातलं नाही. मैत्रिणीला मी खरं तेच लिहीन असा शब्द दिला होता, हे एक कारण. दुसरं कारण माझ्या धंद्यातलं आहे, अट जरा मोडते.

आमच्याकडेही ‘मायग्रेशन’ असतं. एका यंत्रणेतली सगळी माहिती दुसरीकडे हलवायची. हलवण्याआधी परत फिरायची वाट तयार ठेवावीच लागते, आणि हलवल्यावर किती नोंदी निघाल्या, किती पोचल्या, ते जुळवून पाहतात. दादींना परत फिरायची वाट नव्हती. जुळवून पाहायला होता फक्त क्लेमचा कागद. त्यात घर होतं, खोल्या होत्या, किंमत होती. शेजार, अंगण, भाषा यांना त्यात रकानाच नव्हता. सिंधी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली १९६७ साली. तिला स्वतःचं राज्य मात्र आजही नाही. जे कागदावर कधी आलंच नाही, त्याची भरपाई मी शेवटच्या परिच्छेदात एक खोटं पत्र घालून कशी करणार? तसं केलं तर वाचकाला बरं वाटेल आणि दादींचं नुकसान काही झालंच नव्हतं, असं होईल.

आपल्यातल्या कित्येकांच्या घरी अशीच गोष्ट आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे वडील त्या संपातले. लालबागची खोली सोडून आम्ही बदलापूरला आलो आणि वडिलांना अंबरनाथच्या एका कारखान्यात काम लागलं. माझी मुलगी विचारते, “मग आजोबा जिंकले का?” तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे तिला कसं सांगायचं? आजोबा पुढची वीस वर्षं सकाळची पाळी करत राहिले, इतकंच मी सांगते. तीही म्हणते, “एवढंच?”

आज सकाळपासून आपण सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारतो आहोत, “सध्या कुठे असतेस?” कोणी न्यू जर्सी म्हटलं की आपले डोळे मोठे होतात. कोणी “इथेच, अंबरनाथला” म्हटलं की आपण “अच्छा, अच्छा” म्हणून पुढे सरकतो. आपणही त्या वाचनगटासारखेच वागतो. खरं तर इथे राहिलेल्यांनीच आपल्या सरांच्या आजारपणात रात्री जागवल्या, आपल्या आईवडिलांना पावसात स्टेशनवरून घरी आणलं आणि आजचा हा मेळावाही त्यांनीच उभा केला. ते कसं घडलं, हे त्यांना बसून विचारायला हवं.

म्हणून स्मरणिकेसाठी लिहाल तेव्हा एक विनंती आहे. ज्यांच्या घरी सिंधहून, गिरणगावातून, कोकणातून किंवा आणखी कुठून आलेलं माणूस अजून हयात आहे, त्यांनी त्या माणसाजवळ बसून ऐकून घ्यावं. निघताना काय घेतलं, काय राहिलं, पहिल्या रात्री कुठे झोपलात, हे विचारावं आणि सांगतील तसंच लिहावं. शेवट सपक वाटला तरी तो बदलू नये. मैत्रिणीने माझा मजकूर वाचला तेव्हा ती शेवटच्या ओळीवर थांबली आणि म्हणाली, “हो, असंच झालं.” माझ्यासाठी तेवढं पुरे आहे.