माळढोक आणि ज्वारी : दोघांचा माळ एकच



जिल्ह्याच्या मेळाव्यात पाखराची गोष्ट काढली म्हणून काहींना नवल वाटेल. भाव, वीजबिल, कर्ज सोडून पाखरू कुठले आले? पण हे पाखरू आपल्याच रानातले आहे, आणि त्याच्या नावाने आपल्याच जमिनी तेहतीस वर्षे अडकून पडल्या.

१९७९ साली सरकारने सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ साडेआठ लाख हेक्टर. त्यात गावे, वस्त्या आणि रब्बी ज्वारीची खाजगी रानेच जास्त. नकाशावर रेघ मारणाऱ्याने गावाला विचारले नाही. पुढे जमिनीची खरेदी-विक्री करा, नाही तर कारखाना काढा, अभयारण्य आडवे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले.

एवढे करून माळढोक वाचला का? देशभरात मिळून दोनशेही उरले नाहीत, त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजच्या माळावर एखादा दिसला तर बातमी होते. शेतकरीही नाडला गेला आणि पाखरूही गेले.

असे का झाले? माळढोकाची मादी उघड्या माळावर, भुईवरच अंडे घालते, तेही बहुधा वर्षाला एकच. नाकतोडे, भुंगेरे, दाणे हे त्याचे खाणे. त्याला दाट झाडी नको; गवताचा माळ आणि शेजारी कोरडवाहू रान हवे. तो माळ पडीक ठरवून त्यावर झाडे लावली गेली. पाणी पोचले तिथे ज्वारी जाऊन ऊस आला. वर विजेच्या तारा आल्या. जड अंगाच्या या पक्ष्याला उडताना समोरची तार वेळेवर दिसत नाही.

ऊस लावणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. ज्वारीने घर चालले असते तर तिला कोणी सोडले असते? हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने माल घेणारा नसेल तर तो नुसता कागद. ज्या शेतीवर पाखरू जगत होते ती शेतीच तोट्यात घातली, आणि मग पाखरासाठी कुंपण घालायला निघाले!

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. अभयारण्याची हद्द गावासमोर बसून ठरवा. काळविटांनी ज्वारी खाल्ली तर पंचनामा वेळेवर आणि भरपाई पुरती द्या. माळावर झाडे लावू नका, तारा जमिनीखालून न्या. आणि ज्वारी जाहीर भावाने खरेदी करा.

पण नुसते मागून भागणार नाही. गायरान नांगरून घेणारे आपल्यातच आहेत, हे आपण कबूल केले पाहिजे. गायरान गेले तर आधी आपली शेळी उपाशी मरते, मग पाखरू. गावाने ठरवून गवत राखावे. अंडे दिसले तर तेवढा तुकडा औत-फवारणीविना सोडावा.

पाखरू आमचे वैरी नाही. शेतकऱ्याला न विचारता त्याच्या रानावर मारलेली रेघ आम्हाला मान्य नाही. कोरडवाहू शेतकरी माळावर टिकला, तरच माळही टिकेल.